भेंडवळची घटमांडणी : वैशाखातील एका ग्रामीण मेळाव्याचा कृषी-ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ हे पूर्णा खोऱ्यातील एक लहानसे गाव आहे. वर्षभर या गावाची बाहेर फारशी चर्चा नसते. वैशाख शुद्ध तृतीयेच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सायंकाळी मात्र विदर्भ, खानदेश, मराठवाडा आणि लगतच्या मध्य प्रदेशातील शेतकऱ्यांचे लक्ष या गावाच्या शिवाराकडे लागते. त्या सायंकाळी गावाबाहेरील शेतात घट मांडला जातो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यातील बदलांवरून पाऊस, पिके, रोगराई, चारापाणी व राज्यसत्ता यांविषयीचे भाकीत जाहीर केले जाते. ही परंपरा चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केली असे मानले जाते. तिचा आरंभ तीन-साडेतीन शतकांपूर्वीचा सांगितला जातो. वाघ घराण्याच्या वंशजांनी ती पुढे चालू ठेवली आहे.

या मांडणीविषयी आजवर झालेली चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : भाकीत खरे ठरते की खोटे? श्रद्धाळू मंडळी खरी ठरलेली भाकिते लक्षात ठेवतात आणि अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ फसलेली भाकिते दाखवून देते. प्रस्तुत निबंधात निराळा प्रश्न विचारला आहे. भविष्य सांगण्याचे साधन म्हणून नव्हे, तर भूतकाळाचा पुरावा म्हणून या घटाकडे पाहिल्यास त्यातून काय हाती लागते? पश्चिम वऱ्हाडातील शेतकऱ्याने ज्या ज्या गोष्टींवर आपले वर्ष अवलंबून मानले, त्यांची यादी या घटात जतन झाली आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

वैशाखाचा काळ आणि गावोगावचे मेळावे

चैत्र-वैशाख हा वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन हंगामांमधील काळ होय. गहू-हरभरा घरात आलेला असतो, कपाशीची उलंगवाडी झालेली असते आणि मृग नक्षत्राला महिना-दीड महिन्याचा अवधी असतो. शेतात नांगरटी, वखरणी, धसकटे वेचणे ही कामे चालू असली तरी पेरणीच्या दिवसांची घाई नसते. त्यामुळे जिल्ह्यातील लहान गावांतले बहुतेक सार्वजनिक मेळावे याच काळात भरतात. गुढीपाडव्याचे पंचांगवाचन, शेगावसह अनेक गावांतील रामनवमीचे उत्सव, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, १ मे रोजीची ग्रामसभा, वैशाखी पौर्णिमेची बुद्धजयंती आणि लग्नाच्या दाट तिथी, असा हा क्रम असतो. त्यानंतर शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरच्या वाटेला लागते आणि पेरणीचे दिवस येतात.

हा काळ मेळाव्यांप्रमाणेच निर्णयांचाही असतो. सालगड्याचा करार पाडव्याला होतो. कोणत्या वावरात काय पेरावे, बियाणे कोठून आणावे, पीककर्ज मिळाले नाही तर सावकाराकडे जावे काय, हे प्रश्न वैशाखातच सोडवावे लागतात. अक्षय तृतीयेला घरोघरी पाण्याने भरलेली घागर पूर्वजांच्या नावाने पूजली जाते. भेंडवळच्या घटातही मध्यभागी पाण्याची घागरच असते. घरातील आणि शिवारातील या दोन घागरींमधील साम्य लक्षणीय आहे. पहिली मागील पिढ्यांसाठी भरली जाते आणि दुसरी येणाऱ्या हंगामासाठी.

घटाची रचना

शेतात एक वर्तुळ आखले जाते व त्याच्या मध्यभागी खड्डा केला जातो. खड्ड्यात मातीची चार ढेकळे ठेवतात. ही ढेकळे पावसाळ्याच्या चार महिन्यांची प्रतीके होत. त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पापड, पुरी, करंजी, कुरडई, सांडोळी, भजे, वडा हे पदार्थ मांडतात. पुरी हे पृथ्वीचे, करंजी अर्थव्यवस्थेचे आणि कुरडई-सांडोळी चारापाण्याचे प्रतीक असल्याचे सांगितले जाते. पानविडा म्हणजे राजाची गादी आणि त्यावरील सुपारी म्हणजे राजा. वर्तुळाकार अठरा धान्ये मांडली जातात : अंबाडी, सरकी, ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, भादली, बाजरी, मठ, साळी, जवस, लाख, वाटाणा, गहू, हरभरा, करडी आणि मसूर. यांपैकी भादलीवरून रोगराईचेही अनुमान केले जाते.

रात्री घटापाशी कोणी थांबत नाही. वारा, दव, मुंग्या, किडे, पाखरे यांमुळे मांडणीत जे काही फेरफार होतात, त्यांचे पहाटे निरीक्षण केले जाते. कोणते धान्य जागेवर राहिले, कोणते वर्तुळाच्या आत वा बाहेर विखुरले, कोणते ढेकूळ भिजले, सुपारी हलली काय, यांवरून निष्कर्ष काढले जातात. भाकिताची भाषा ठरावीक आहे : पीक चांगले, सर्वसाधारण, मोघम, नासाडी. भावांविषयी तेजी-मंदी सांगितली जाते. ‘मोघम’ हा शब्द विशेष विचारात घेण्याजोगा आहे. मोघम ठरलेले पीक भरघोस आले तरी भाकीत चुकत नाही आणि बुडाले तरी चुकत नाही. भाकिताची परीक्षा घेणे कठीण होते, त्याचे एक कारण या भाषेतच आहे.

संकेतांची परंपरा

भेंडवळची रीत एकाकी नाही. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील बृहत्संहितेत आषाढी योगाचे वर्णन आहे. त्यानुसार निरनिराळी बीजे समान वजनाने तोलून रात्रभर ठेवावीत व दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलावीत. ज्याचे वजन वाढेल त्याची वृद्धी होईल, असे मानले गेले आहे. सर्व धान्ये एका रात्रीसाठी निसर्गाच्या स्वाधीन करावयाची आणि पहाटे त्यांच्यातील फरक वाचावयाचा, ही कल्पना दोन्ही ठिकाणी समान आहे. भेंडवळची मांडणी थेट त्या ग्रंथावरून आली, असे यावरून म्हणता येणार नाही. तथापि ती भारतीय कृषिपरंपरेतील एका जुन्या विचारपद्धतीशी नाते सांगते, एवढे निश्चित.

दुसरे साम्य पंचांगाशी आहे. पाडव्याला वाचल्या जाणाऱ्या संवत्सरफलात वर्षाचा राजा, मंत्री, मेघेश, धान्येश यांची नावे येतात. राज्यकर्ता, पाऊस आणि धान्य यांना एका सूत्रात गुंफण्याची पद्धत तेथेही आहे. फरक असा की, पंचांग ग्रहांवरून बोलते आणि घट मातीवरून. पंचांगाच्या वाचनाला ज्योतिषी लागतो, तर घटातील प्रत्येक वस्तू गावातल्या कोणाही कुणब्याच्या घरात सापडणारी आहे.

राजा आणि त्याची गादी

पावसाच्या भाकितात राजा का असावा, याचे उत्तर वऱ्हाडाच्या इतिहासात शोधावे लागते. परंपरेने सांगितलेला काळ ग्राह्य धरल्यास घटमांडणीचा आरंभ मोगल अमदानीच्या उत्तरार्धात जातो. त्यानंतर अठराव्या शतकात वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली होती. एकाच गावच्या महसुलावर दोन सत्तांचा हक्क होता. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वऱ्हाडातील अंमल संपला, १८५३ च्या तहाने प्रांताचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडण्यात आला. १९०५ च्या पुनर्रचनेत जळगाव व खामगाव हे तालुके अकोल्यातून काढून बुलढाणा जिल्ह्यात घालण्यात आले. गाव जागेवर होते, मात्र गावावरील धनी बदलत राहिले.

अशा प्रदेशात ‘राजा कायम राहील काय’ हा प्रश्न कुतूहलाचा नव्हता. सारा कोण वसूल करील, किती करील आणि दुष्काळात सूट मिळेल काय, हे त्यावर ठरत असे. पाऊस आणि सत्ता या शेतकऱ्याच्या हाताबाहेरील दोन शक्ती होत्या आणि दोन्हींचा परिणाम एकाच खळ्यावर होत असे. आजही वृत्तपत्रे सुपारीवरून केलेले भाकीत ठळकपणे छापतात. त्यामागचा मूळ अर्थ मात्र बाजूला पडतो. हमीभाव, आयात-निर्यातीचे धोरण, पीकविमा आणि कर्जमाफी यांच्या काळातही शेतकऱ्याचे वर्ष ‘गादी’वर अवलंबून आहेच. त्या अर्थाने विड्यावरील सुपारी कालबाह्य झालेली नाही.

अठरा धान्ये : एक पुरावा

इतिहासाच्या अभ्यासकासाठी घटातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अठरा धान्यांची यादी होय. तीत खरीप आहे आणि रब्बीही आहे. तृणधान्ये, कडधान्ये, तेलबिया आणि तंतुपिके आहेत. अंबाडीपासून दोर व भाजी मिळे, जवस व करडीपासून तेल मिळे. लाख हे अवर्षणातही तग धरणारे पीक. दुष्काळात केवळ तिच्यावर दिवस काढणाऱ्यांना पायांचा लकवा होत असे, तरीही ती शेतात ठेवली जाई, कारण इतर सर्व बुडाले तरी ती उभी राही. एकाच वर्षात सगळी पिके बुडू नयेत, हा या यादीमागील व्यवहार आहे.

ही यादी आणि आजचे शिवार यांत मोठी तफावत आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाला आलेला भाव, १८७० मध्ये खामगावपर्यंत आलेला लोहमार्ग आणि तेथील कापूसबाजार यांनी या पट्ट्यात नगदी पिकाला अग्रस्थान दिले. १८९९-१९०० च्या दुष्काळाने त्याची दुसरी बाजू दाखविली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सोयाबीन पसरले आणि २००२ पासून बीटी कपाशी आली. आज बुलढाणा जिल्हा सोयाबीनच्या प्रमुख जिल्ह्यांत गणला जातो. अठरा धान्यांच्या पारंपरिक यादीत सोयाबीन नाही. उलट भादली, अंबाडी, लाख, जवस, करडी ही पिके घटात दरवर्षी मांडली जातात आणि शिवारात क्वचितच दिसतात. ज्याची भाकिते ऐकायची ते पीक पेरलेले नाही आणि जे पेरलेले आहे त्याला घटात जागा नाही, अशी ही स्थिती आहे.

तिचा परिणाम केवळ सांस्कृतिक नाही. जिल्ह्याचा उत्तर भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. तेथील भूजल खारे असल्याने विहीर खोदून पाऊस भरून काढण्याचा मार्ग बहुतांशी बंद आहे. अशा जमिनीत एक-दोन नगदी पिकांवर सर्व भार टाकणे म्हणजे एका पावसाच्या खंडावर सबंध वर्ष पणाला लावणे होय. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांची विशेष योजना जाहीर केली. ती विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी होती, त्यांत बुलढाणा होता. संकटाची कारणे अनेक होती, परंतु पिकांचे वैविध्य घटणे हे त्यांपैकी एक मानावे लागेल.

भाकीत आणि अंदाज

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली आणि १८८६ पासून मोसमी पावसाचा अंदाज नियमितपणे देण्यास प्रारंभ झाला. अलीकडे हंगामाचा पहिला अंदाज एप्रिलच्या मध्यास व सुधारित अंदाज मे महिन्याच्या अखेरीस दिला जातो. अक्षय तृतीया बहुधा या दोहोंच्या दरम्यान येते. म्हणजे शेतकऱ्याला ज्या आठवड्यांत निर्णय घ्यावयाचा असतो, त्याच आठवड्यांत दोन निरनिराळ्या व्यवस्था त्याच्याशी बोलत असतात.

शास्त्रीय अंदाजही चुकतो. २००२ साली देशात सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज होता, प्रत्यक्षात ८१ टक्के पाऊस पडला. परंतु ती चूक आकड्यांत मांडली गेली, तिची कारणे तपासली गेली आणि अंदाजाचे प्रारूप बदलण्यात आले. घटाच्या भाकितात अशी दुरुस्तीची सोय नाही. मुंग्यांनी वाहून नेलेले दाणे आणि चार महिन्यांनंतरचा पाऊस यांत कार्यकारणसंबंध दाखविता येत नाही. म्हणून घटावरून बियाणे निवडणे किंवा कर्ज काढणे समर्थनीय नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्याचबरोबर हेही ध्यानात घेतले पाहिजे की, हवामान विभागाचा हंगामी अंदाज देशासाठी वा विभागासाठी असतो. ‘माझ्या शिवारात काय?’ हा शेतकऱ्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. भेंडवळला जमणारी गर्दी त्या अनुत्तरित प्रश्नाची गर्दी आहे. तिला केवळ अज्ञान म्हणून बाजूला सारणे हा आळशी निष्कर्ष ठरेल.

निष्कर्ष

भेंडवळचा घट येणाऱ्या पावसाविषयी विश्वसनीय माहिती देत नाही. गेलेल्या शतकांविषयी मात्र तो बरेच सांगतो. चार ढेकळे, अठरा धान्ये, चारा, रोगराई आणि राजा : शेतकऱ्याच्या चिंतांची इतकी संक्षिप्त मांडणी महसुली कागदपत्रांतही सहसा आढळत नाही. सारा भरणाऱ्याच्या बाजूने तयार झालेला हा दस्तऐवज आहे. तो दर वैशाखात उलगडतो आणि दुसऱ्या दिवशी मोडतो.

म्हणून त्याची पद्धतशीर नोंद होणे अगत्याचे आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व वनस्पतिशास्त्र विभागांनी एकत्र येऊन दरवर्षी घटातील धान्ये, त्यांचे स्थानिक वाण, जाहीर झालेले भाकीत आणि तालुक्यातील प्रत्यक्ष पाऊस व पीकपेरा यांची नोंद ठेवल्यास दहा वर्षांत एक मौलिक साधन उभे राहील. भाकिताच्या सत्यासत्यतेचा वाद त्यातून आपोआप निकाली निघेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घटातील कोणती धान्ये शिवारात परत आणता येतील, हा प्रश्न विचारता येईल. जवस, करडी, अंबाडी, भादली यांचे दाणे आजही मूठभर का होईना, दरवर्षी कोणीतरी शोधून आणतो. ते कोठून येतात आणि ते पेरणारे हात अजून किती उरले आहेत, याचा शोध आताच घ्यावा लागेल.