आजारी खेकडा? थांबा जरा!

हर्मिट क्रॅब मोठा झाला की मोठ्या शंखात घर हलवतो, हे अ‍ॅरिस्टॉटलने इ.स.पू. चौथ्या शतकातच लिहून ठेवलंय. १९७०च्या दशकात अमेरिकेत कॅरिबियन किनाऱ्यावरचे हे खेकडे 'बिनकटकटीचा पाळीव प्राणी' म्हणून खपू लागले. तारेचा पिंजरा, रंगवलेला शंख, झालं! पण जमिनीवर राहूनही बिचाऱ्याला श्वास कल्ल्यांनीच घ्यावा लागतो; कोरड्या हवेत तो हळूहळू गुदमरतो. शिवाय कात टाकताना तो वाळूत गाडून घेऊन आठवडेच्या आठवडे हलत नाही. मग लोक 'गेला' म्हणून जिवंत खेकडाच टाकून द्यायचे! उपाय हौशी मंडळींनीच अनुभवातून शोधला: काचेची टाकी, ८० टक्के आर्द्रता, खोल ओलसर वाळू, आणि कुजका वास येत नाही तोवर हात लावायचा नाही. असे सांभाळलेले काही खेकडे तब्बल ३० वर्षं जगलेत.