बेने इस्राएलांचे सणवार आणि त्यांचे कीर्तन

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबागपासून फार दूर नसलेल्या नवगाव या खेड्याशी बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या आगमनाची कथा निगडित आहे. गलबत खडकावर फुटले, बहुतेक उतारू बुडाले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या जिवंत किनाऱ्यास लागल्या, आणि समुद्राने बाहेर टाकलेल्या प्रेतांना ज्या ठिकाणी मूठमाती देण्यात आली ती जागा पुढच्या पिढ्यांनी आपले आद्य स्मशान म्हणून जतन केली, असे ही परंपरा सांगते. घटनेच्या काळाविषयी पंडितांत एकमत नाही. मात्र या लोकांनी तेलाच्या घाण्याचा धंदा पत्करला, शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या नेमामुळे ते ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर होऊन ते कोकणच्या गावगाड्यात मिसळून गेले, याबद्दल वाद नाही. ग्रंथ हरवले, हिब्रू भाषा विसरली गेली. उरले ते शब्बाथाचे पालन, सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध, ‘शेमा’ ही एक प्रार्थना आणि सणवार.

हे सणवार कसे पाळले जात याची सविस्तर हकीकत हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाच्या इतिहासात लिहून ठेवली आहे. 1897 साली पूर्ण झालेला हा ग्रंथ 1937 मध्ये, म्हणजे लेखकाच्या पश्चात, तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. त्यात आलेली सणांची नावे वाचताना कोणाही कोकणी माणसाला आपल्याच आजीची भाषा ऐकल्यासारखे वाटेल. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. त्यानंतर ‘खिरीचा सण’. घराची दारे लावून घेऊन दिवसभर निर्जळी उपास करावयाचा प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे ‘दारफळणीचा सण’, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’. एस्तेर राणीच्या कथेचा ‘होळीचा सण’. आणि जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकदिनी वालाच्या बिरड्यावर भागवावयाचे म्हणून तो ‘बिरड्याचा सण’. हनुक्का हा इतर यहुद्यांचा सण त्यांच्या जुन्या परंपरेत नव्हता. तो सण रूढ होण्यापूर्वीच आपले पूर्वज मायदेशातून निघाले होते, असे अनुमान त्यावरून या समाजातील विचारवंत काढीत आले आहेत.

शेजाऱ्यांचे अनुकरण म्हणून ही नावे पडली, असे म्हणणे मला अपुरे वाटते. यहुदी पंचांगही आपल्यासारखेच चांद्रमासांचे, आणि एकोणीस वर्षांत सात अधिक मास धरून ऋतूंशी मेळ राखणारे. त्यामुळे अधिक मासाचा फरक पडला नाही तर प्रायश्चित्ताचा दिवस दसऱ्याच्या आसपास येतो, एस्तेरचा सण फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास पडतो, आणि मिसर देशातून सुटकेचा वल्हांडण चैत्री पौर्णिमेच्या सान्निध्यात येतो. ग्रंथ व पंडित यांवाचून शतकानुशतके राहिलेल्या समाजाला आपला धर्म आठवणीत ठेवण्यास आकाशातील त्याच चंद्राचा आधार होता, आणि गावातील इतरांचे सण त्या आठवणीला दरवर्षी हाक देत होते. शेजाराने या धर्माचे रक्षणच केले, असे म्हणावे लागते.

या सर्व सणांत ज्याचा विसर पडू नये असे मला वाटते तो ‘एलियाहू हनाबीचा उरूस’. शेबाट महिन्याच्या पंधराव्या तिथीला, म्हणजे पौष-माघाच्या पौर्णिमेच्या सुमारास, जगभरचे यहुदी वृक्षांचा नववर्षदिन मानतात. बेने इस्राएलांनी मात्र या दिवसाची सांगड एलिया संदेष्ट्याशी घातली. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर काही खुणा आहेत. एलिया अग्निरथात बसून स्वर्गारोहण करता झाला तो येथूनच, आणि या त्याच्या घोड्यांच्या टापा व रथाच्या चाकोऱ्या, अशी या लोकांची श्रद्धा. उरूस हा शब्द पिरांच्या दर्ग्याचा, संदेष्टा इस्राएलच्या कर्मेल पर्वतावरचा, आणि खडक कोकणातला. या तिहींची गाठ कोणत्या पंडिताने घातली नाही, ती तेल्यांनी आणि त्यांच्या बायकांनी आपल्या भक्तीने घातली.

या प्रसंगीचा मलिदा पाहण्यासारखा असतो. भिजवलेल्या पोह्यांत खवलेला नारळ, साखर, वेलदोडे आणि सुका मेवा कालवून त्याचा ढीग मोठ्या ताटात रचतात. भोवती पाच प्रकारची फळे, त्यांत खजूर असावाच लागतो. वर सुगंधी पाला किंवा गुलाबाची फुले. मग जमलेली मंडळी ताटाभोवती बसतात, एलियाचे नाव घेऊन हिब्रू स्तोत्र म्हणतात, झाडाच्या फळासाठी निराळा, जमिनीतून उगवणाऱ्या पदार्थासाठी निराळा आणि सुवासासाठी निराळा आशीर्वाद उच्चारतात, आणि नंतर प्रसाद वाटला जातो. नवस फेडताना, लग्नाआधी, प्रवासाहून सुखरूप परतल्यावर किंवा आजारातून उठल्यावरही हाच विधी होतो.

आंग्र्यांच्या आरमारात, सिद्दीच्या पदरी आणि पुढे कंपनी सरकारच्या पलटणींत चाकरी करीत हा समाज अठराव्या शतकात मुंबई बंदरात आला. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेल्या सॅम्युएल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. तोपर्यंत गावोगाव धर्मकृत्ये चालवीत ते काजी. त्यानंतर कोचीनहून यहुदी शिक्षक आले, आणि जॉन विल्सन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराचा हेतू मनात धरूनच का होईना, मराठीतून हिब्रूचे व्याकरण शिकवण्यास आरंभ केला. मिशनऱ्यांचा हेतू फारसा सफल झाला नाही. परंतु मराठीत छापून आलेला जुना करार या लोकांच्या हाती पडला, आणि ज्या पूर्वजांची केवळ नावे त्यांना ठाऊक होती त्यांची चरित्रे त्यांना प्रथमच मातृभाषेत सलग वाचावयास मिळाली.

येथपासून पुढच्या पन्नास वर्षांतील या समाजाचा ग्रंथोद्योग आश्चर्यकारक आहे. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत उतरवले. 1874 साली पुण्यात मोझेस जेकब तळकर व आरॉन डॅनियल तळकर यांनी वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची ‘हग्गादा’ हिब्रू मूळ व मराठी भाषांतर यांसह छापली. तिच्यातील चित्रांत बेखमीर भाकरीची तयारी करणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि त्या लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. मिसरच्या दास्यातून सुटलेल्या लोकांची कथा ज्या पोथीत आहे तिच्या पानावर हे चित्र छापताना त्या मंडळींना काही विसंगत वाटले नाही, आणि त्यात विसंगत असे काही नव्हतेच.

परंतु छापील ग्रंथ वाचणाऱ्यांपुरता. 1880 मध्ये मुंबईतील काही बेने इस्राएल गृहस्थांनी कीर्तनाचा उपक्रम सुरू केला, त्याचे महत्त्व मला या सर्व भाषांतरांहून अधिक वाटते. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचे नाव या आरंभकाळाशी जोडलेले आहे. नारदीय कीर्तनाची पद्धती त्यांनी जशीच्या तशी उचलली: आरंभी नमन, मग तत्त्वाचे निरूपण, मग उत्तररंगात आख्यान, मध्ये साकी, दिंडी, आर्या, ओवी या वृत्तांतील पदे, साथीला पेटी व तबला. गणेश-शारदेच्या वंदनाच्या जागी एकमेव निराकार परमेश्वराचे स्तवन आले, आणि ध्रुव-प्रल्हादाच्या जागी अब्राहाम, योसेफ, मोशे, एलिया, एस्तेर आले.

विचार करावा असा प्रसंग आहे हा. अब्राहाम आपल्या पुत्राला बळी देण्यासाठी डोंगरावर नेतो ही कथा हिब्रूत वाचली जाते तेव्हा ती विधीचा भाग असते. तीच कथा साकी-दिंडीत गाइली जाते तेव्हा चिलयाबाळाच्या आख्यानाला रडणारे श्रोते जे अश्रू ढाळतात तेच अश्रू तिलाही लाभतात. ज्यांना हिब्रूचे एक अक्षर येत नव्हते, त्या वृद्धांना आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रियांना, बांधवांच्या विश्वासघाताने गुलामगिरीत विकला गेलेला आणि तरीही दुष्काळात त्याच बांधवांना धान्य देणारा योसेफ, या कीर्तनांनी प्रत्यक्ष दाखवला. धर्मशिक्षणाचे हे कार्य प्रवचनाने झाले नसते; एकाच बैठकीत विद्वान आणि निरक्षर यांना बांधून ठेवण्याचे सामर्थ्य महाराष्ट्रात कीर्तनालाच होते.

हे सामर्थ्य ओळखणारे बेने इस्राएल पहिले नव्हेत. अहमदनगरचे कृष्णराव सांगळे यांनी त्यापूर्वीच ख्रिस्ती कीर्तने सुरू केली होती. पण मिशनच्या कीर्तनाचा रोख परधर्मीय श्रोत्यांकडे होता, आणि बेने इस्राएलांचे कीर्तन मुख्यतः आपल्याच माणसांना त्यांचाच विसरलेला वारसा परत देण्यासाठी होते. कोणाचेही मन वळवावयाचे नसल्यामुळे त्यात खंडनमंडनाचा कडवटपणा येण्याचे कारण नव्हते. अशा कीर्तनांच्या पुस्तिका मुंबईत छापल्या गेल्या आणि पुढच्या दोन-तीन पिढ्या त्या गाइल्या गेल्या.

1948 नंतर या समाजाचा फार मोठा भाग इस्रायलमध्ये गेला. तेथे आपले यहुदीपण मान्य करून घेण्यासाठी त्यांना झगडावे लागले, आणि 1964 साली तो प्रश्न मिटला. लोद, बीरशेबा, दिमोना, अश्दोद या शहरांत मलिद्याची ताटे आजही मांडली जातात, ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तेथे निघत आले आहे, आणि कीर्तनाची परंपरा तेथील स्त्रियांनी हाती घेऊन पुन्हा उभी केली. इकडे कोकणात, पनवेल, पेण, रेवदंडा, अलिबाग येथे प्रार्थनामंदिरे उभी आहेत. त्यांच्यासाठी माणसे मात्र मोजकी उरली आहेत.

मराठी कीर्तनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या शाखेकडे जवळजवळ पाठच फिरवली आहे, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासाला शोभणारी नाही. ही आख्याने यहुदी धर्माची असतील. भाषा, वृत्ते आणि श्रोत्यांची अंतःकरणे मराठी होती, आणि तेवढ्यावर त्यांचा आपल्या साहित्यावरील हक्क शाबीत होतो. ज्यांच्या घरी, जुन्या ट्रंकेत वा देवघराच्या कपाटात, अशी एखादी पुस्तिका अथवा हस्तलिखित बाड राहिले असेल, त्यांनी ते जवळच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या दप्तरी जमा करावे; आणि ज्या वृद्धांना त्यांच्या चाली अजून येतात त्यांच्याकडून त्या ध्वनिमुद्रित करून घेण्याचे काम विद्यापीठांनी याच पिढीत उरकावे.