गारवा कोणाच्या वांट्याला?

लढाया, तह आणि राज्यारोहणें यांच्या नोंदी आपल्या इतिहासग्रंथांत पानोपानीं आढळतात. परंतु त्या राजांच्या प्रजेनें दर वर्षीं येणारा वैशाख कसा काढला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. शत्रूची स्वारी क्वचित् येते. उन्हाळा न चुकतां येतो. त्याच्याशीं मनुष्यानें कसा सामना दिला याचा थोडासा मागोवा आज घ्यावयाचा आहे. तो घेतांना एक प्रश्न आपण सारखा जवळ बाळगूं: गारवा निर्माण तर झाला, पण तो कोणाच्या वांट्याला आला?

आधीं थोडें शास्त्र पाहूं. आपल्या स्वयंपाकघरांतील मातीचा माठ हें गारव्याचें सर्वांत जुनें व सर्वांत स्वस्त साधन होय. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरतें, त्याची वाफ होते, आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता आंतल्या पाण्यांतून घेतली जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५८० कॅलरी उष्णता लागते. आपल्या अंगाचा घामही हेंच कार्य करतो. मात्र हवा आधींच ओलसर असेल तर घाम वाळत नाहीं व अंग निवत नाहीं. म्हणूनच नागपूरच्या कोरड्या झळांत वाळ्याची ताटी जें सुख देते, तें मुंबईच्या दमट हवेंत देत नाहीं.

हें ज्ञान दरबारांतही पोंचलेलें होतें. अबुल फजल यानें ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथांत अकबराच्या आबदारखान्याचें वर्णन केलें आहे. धातूच्या सुरईंत एक शेर पाणी भरून तिचें तोंड बंद करावयाचें, पांच शेर पाण्यांत अडीच शेर सोरा टाकावयाचा, आणि त्या मिश्रणांत ती सुरई पाव तास फिरवावयाची, म्हणजे आंतलें पाणी थंडगार होतें. बंदुकीच्या दारूसाठीं लागणारा सोरा असा पाणी निवविण्याच्या कामीं आला. पुढें १५८६ च्या सुमारास बादशहाचा मुक्काम पंजाबांत गेला, तेव्हां डोंगरांतील बर्फ लाहोरास येऊं लागलें. सामान्य लोक तें उन्हाळ्यापुरतें घेत, आणि अमीर-उमराव बारमाही वापरीत.

यानंतरची हकीकत अधिक नवलाची आहे. अमेरिकेंतील बोस्टन शहराच्या फ्रेडरिक ट्यूडर नांवाच्या व्यापाऱ्यानें तिकडील गोठलेल्या तळ्यांतील बर्फ कापून तें जगभर विकण्याचा उद्योग आरंभिला. १८३३ च्या मे महिन्यांत त्यानें ‘टस्कनी’ हें जहाज सुमारें १८० टन बर्फ भरून कलकत्त्यास धाडलें. चार महिन्यांचा प्रवास, आणि तोही दोन वेळां विषुववृत्त ओलांडून! तरीही सुमारें १०० टन बर्फ शाबूत पोंचलें. लांकडाचा भुसा उष्णता आंत येऊं देत नाहीं, हें या यशाचें साधें रहस्य. पुढील वर्षीं मुंबईसही बर्फ आलें. जमशेटजी जीजीभाई यांनीं आपल्या मेजवानींत पाहुण्यांस आइस्क्रीम दिलें, आणि यजमानांसह पाहुण्यांना पडसें झालें, अशी गोष्ट सांगतात. १८७८ मध्यें कलकत्त्यास बर्फाचा यांत्रिक कारखाना निघाला, आणि कांहीं वर्षांतच हा समुद्रावरील व्यापार संपला. पण तो चालू होता तोंवर अमेरिकेच्या तळ्याचा गारवा साहेबांच्या व शेटसावकारांच्या पेल्यांपुढें फारसा सरकला नाहीं. बंदरावर तें बर्फ उतरविणाऱ्या हमालाची तहान त्यानें भागली नाहीं.

बहुजनांचा उन्हाळा निराळ्याच आधारावर निघत होता. जाड भिंतींचा वाडा, मधला चौक, ताक, पन्हें, दुपारची विश्रांति आणि वाटेवरची पाणपोई, हे ते आधार होत. काशीनाथ उपाध्याय यांनीं १७९० च्या सुमारास पंढरपुरास रचलेल्या ‘धर्मसिंधु’ या ग्रंथांत चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून प्रपादान, म्हणजे पाणपोई घालण्याचें विधान आहे. त्या दानाच्या मंत्राचा आशय असा, कीं ही पाणपोई सर्व भूतमात्रांसाठीं समान आहे. याहून थोर विचार कोणता असूं शकेल?

परंतु मंत्रांतील ‘सर्व’ हा शब्द व्यवहारांत फार आंखडला. ज्यांना अस्पृश्य म्हटलें जाई, त्यांना सार्वजनिक विहिरीवर व तळ्यावर मज्जाव होता. चैत्री हळदीकुंकवांत पन्हें वांटणाऱ्या घरांच्या विहिरीही त्यांच्यासाठीं बंदच होत्या. १८६८ मध्यें जोतीराव फुले यांनीं आपल्या घरचा हौद या लोकांस खुला केला. १९२३ मध्यें सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलांत संमत झाला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेनेंही ठराव केला. पण तो कागदावर राहिला. अखेर २० मार्च १९२७ रोजीं, उन्हें तापूं लागण्याच्या दिवसांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें. त्यावर दंगल झाली, तळ्याची ‘शुद्धि’ झाली, दावे झाले. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागण्यास १९३७ साल उजाडलें. हक्काची व माणुसकीची ही थोर कथा आपण जाणतोंच. पण तहान ही उन्हाळ्यांतील पहिली व्याधि आहे हें ध्यानांत घेतलें, म्हणजे ही आरोग्याचीही कथा आहे हें पटेल.

आपल्याच शतकांतील एक उदाहरण घेऊं. मे २०१० मध्यें अहमदाबादेंत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यांत नेहमीपेक्षां १,३४४ मृत्यु अधिक झाल्याचें पुढें संशोधकांस आढळलें. त्यानंतर तेथील महानगरपालिकेनें २०१३ मध्यें उष्णतेच्या लाटेसाठीं कृति-आराखडा तयार केला. त्यांत अपूर्व असें कांहींच नव्हतें: लोकांना आगाऊ इशारा देणें, डॉक्टर व परिचारिकांस शिक्षण देणें, पाण्याची व सांवलीची सोय करणें. पुढील वर्षांत त्यामुळें अनेक मृत्यु टळले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. उलट, १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथील एका सोहळ्यास आलेला विराट जनसमुदाय भर उन्हांत बसला, आणि चौदा माणसें दगावलीं. तेथें पारा अहमदाबादेइतका चढलेला नव्हता. हवा मात्र समुद्रकांठची होती, आणि डोक्यावर छप्पर नव्हतें.

आज पुष्कळ सुशिक्षित घरांत खोली थंड करणारें यंत्र आलें आहे, आणि वृद्धांस व आजाऱ्यांस त्याचा खरा उपयोग आहे. पण हें यंत्र खोलींतील उष्णता नाहींशी करीत नाहीं. तें ती उचलून बाहेर गल्लींत टाकतें, आणि त्या गल्लींत भाजीवाली उभी असते. यास्तव आपल्या गारव्याबरोबर आपलें कर्तव्यही वाढतें. घरकाम करणाऱ्या बाईंना सकाळच्या वेळीं बोलवावें. दारीं सामान घेऊन येणाऱ्यास न मागतां पाणी द्यावें. कोणी भोंवळ येऊन पडला, अंग तापून बरळूं लागला, तर त्यास सांवलींत न्यावें, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, आणि विलंब न करतां रुग्णालयांत पोंचवावें. शुद्ध नसतांना तोंडांत पाणी घालूं नये.

बर्फाचीं जहाजें गेलीं, आबदारखाने गेले. फाटकाबाहेर पाण्यानें भरलेला एक रांजण ठेवणें मात्र आजही प्रत्येक घरास शक्य आहे. ‘सर्व’ या शब्दाचा जो अर्थ आपल्या पूर्वजांकडून व्यवहारांत निसटला, तो एवढ्यानें तरी थोडासा भरून निघेल.