जुहूला उतरलेलं विमान

परवा घरी सगळे जमले होते तेव्हा काकांनी तो किस्सा पुन्हा सांगितला. "अरे, जपानचं एवढं मोठं जेट, सांताक्रूझ सोडून चक्क जुहूला उतरलं! वेडाच होता पायलट." लहानपणापासून ऐकतोय. दरवेळी सगळे हसतात, मीही हसतो. या वेळी मात्र घरी येऊन जरा वाचत बसलो.

किस्सा खरा आहे. २४ सप्टेंबर १९७२ची सकाळ. लंडनहून टोकियोला निघालेलं जपान एअरलाइन्सचं डीसी-८ वाटेत मुंबईला थांबणार होतं. ते जुहूच्या धावपट्टीवर टेकलं, पट्टी पुरली नाही आणि विमान तसंच पुढे गेलं. आत १२२ माणसं होती. काहींना दुखापत झाली, पण दगावलं कोणी नाही. विमान मात्र पुन्हा कधी उडालं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये याच कंपनीचं विमान दिल्लीजवळ कोसळून जवळजवळ सगळे प्रवासी गेले होते, हे आठवलं की जुहूचे प्रवासी किती नशीबवान ते कळतं.

आता जुहूबद्दल थोडं. हा विमानतळ १९२८चा. तेव्हा जुहू म्हणजे मुंबईबाहेरचं खेडं. माड, वाड्या आणि खाजण. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आले ते इथेच. पावसाळ्यात मैदानात पाणी भरायचं, म्हणून टपालाची विमानं पुण्याला हलवावी लागत! (आपल्या मुंबईची ही खोड जुनीच म्हणायची.) पुढे मोठ्या विमानांसाठी सांताक्रूझ आलं, पण जुहू बंद झालं नाही. थोरल्या भावाशेजारी धाकटा राहावा तसं राहिलं.

गोंधळाचं मूळ तिथेच आहे. दोन्ही विमानतळांत अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटर. दोन्हीकडे एक पट्टी जवळपास पूर्व-पश्चिम. धावपट्टीला तिच्या दिशेवरून नंबर देतात. आज सांताक्रूझची ०९ आहे, जुहूची ०८. म्हणजे दहाएक अंशांचा फरक. होकायंत्राकडे बघून शंका यावी असं फारसं काही नाही. त्यात समुद्राकडून येताना आधी लागतं ते जुहू! लांबीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. आज सांताक्रूझची मुख्य पट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास, जुहूची त्याच्या एक तृतीयांश. पण लांबी खाली टेकल्यावर कळून काय उपयोग?

आणि गंमत म्हणजे हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. १५ जुलै १९५३ला बी. ओ. ए. सी.चं कॉमेट, म्हणजे त्या काळातलं सगळ्यात नवं जेट, अस्संच जुहूला उतरलं होतं. ते वाचलं, साधारण नऊ दिवसांनी तिथूनच उडवून नेलं. एकोणीस वर्षांत दोन वेगळ्या देशांचे पायलट एकाच जागी चुकले, तर दोघांनाही वेडे ठरवायचं?

मला तरी आता तसं म्हणवत नाही. गेल्याच महिन्यात रात्री ऑफिसातून दमून आलो, तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि कुलपात चावी घालून झटापट करत बसलो. दार आतून उघडलं तेव्हा कळलं, मी ए विंगमध्ये होतो. आम्ही राहतो बी विंगमध्ये. दारावर शेजाऱ्यांची पाटी होती, बाहेर त्यांच्या चपला होत्या. मला काहीच दिसलं नव्हतं. आपलंच दार आहे असं एकदा ठरलं की डोळे पुढचं बघतच नाहीत.

असो. जुहूची पट्टी अजून आहे. आता तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरं असतात, आणि खाजणाच्या जागी चहूबाजूंनी इमारती.

काल काकांना फोन करून कॉमेटचं सांगितलं. ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते राहू दे रे. पण मला सांग, आत बसलेल्यांना कधी कळलं असेल, की हे सांताक्रूझ नाही?"