शिकार राजाची, गुन्हा रयतेचा : मावळच्या रानातील नियमांचा इतिहास

पावसाळा तोंडावर आला की मावळात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे भुशी, लोहगड, टायगर पॉइंटकडे लोटणारी गर्दी आणि दुसरी म्हणजे जिल्हा प्रशासनाचा मनाई आदेश. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातील एकाच कुटुंबातील ५ जण वाहून गेले. त्यानंतर पाण्यात उतरणे, धबधब्याखाली बसणे, संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणे यांवर बंदी आली आणि टपऱ्यांवर हातोडा पडला. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून ४ जणांचा जीव गेला. पूल धोकादायक आहे हे आधीच माहीत होते, नवा पूल मंजूरही होता, पण तो उभा राहिला नव्हता. तरीही दोष ठरला तो गर्दीचा.

माणसांचा जीव वाचला पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. रान वाचले पाहिजे, याबद्दलही नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. रान, डोंगर, पाणी यांबाबतचा प्रत्येक नवा नियम आधी कोणाच्या अंगावर येतो आणि कोणाला सोडून देतो? मावळच्या मातीत या प्रश्नाचा दोन हजार वर्षांचा पुरावा आहे. तो आपल्या तरुणांनी वाचायला हवा.

सम्राटाने नियम आधी स्वतःला लावला

प्राचीन राजे करमणुकीसाठी 'विहारयात्रा' काढत. या यात्रांत शिकार असे आणि मौजमजा असे. सम्राट अशोकाने आठव्या शिलालेखात हे नोंदवले आहे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि त्यानंतर विहारयात्रेची जागा धम्मयात्रेने घेतली. धम्मयात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट घ्यायची, वृद्धांना दान द्यायचे, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटायचे आणि त्यांच्याशी धम्माबद्दल बोलायचे. या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा १८८२ साली आपल्याच महाराष्ट्रात, सोपाऱ्याला सापडला.

पहिल्या शिलालेखात अशोक आणखी स्पष्ट बोलतो. राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण, तेही रोज नाही, आणि पुढे तेही बंद होतील, असे तो जाहीर करतो. पाचव्या स्तंभलेखात तर कोणते पशुपक्षी मारू नयेत याची यादीच आहे आणि विनाकारण वणवा लावू नये असा हुकूम आहे.

अशोकाच्या राज्यात सगळे आलबेल होते, असे आम्ही म्हणत नाही. तेराव्या शिलालेखात त्याने अटवीतल्या, म्हणजे रानात राहणाऱ्या लोकांना आपल्या सामर्थ्याची जाणीव करून दिली आहे. राज्यसत्ता ही राज्यसत्ताच असते. पण शिकारीवर निर्बंध घालताना त्याने सुरुवात कुठून केली, हे विसरता येणार नाही. त्याने ती आपल्या ताटापासून आणि आपल्या मौजेपासून केली. त्यानंतरच्या सत्ताधाऱ्यांनी हा क्रम उलटा केला.

मामालाहार : शिरू नये कोणी?

सोपाऱ्याहून घाटावर येणारी वाट आपल्याला कार्ल्याला आणून सोडते. कार्ल्याच्या चैत्यगृहात सोपाऱ्याच्या एका धम्मकथिकाचे दान कोरलेले आहे. गांधी, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या सिंहदत्ताचे दान आहे, सुताराचे नाव आहे आणि धेनुकाकटच्या यवनांची नावे आहेत. हे चैत्यगृह कोण्या एका राजाने उभे केलेले नाही. ते कष्टकऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या दानातून उभे राहिले आहे.

तिथल्याच सातवाहनकालीन लेखात 'मामालाहार' हा शब्द येतो. हाच आपला मावळ. या मामालाहारातले करजक गाव वलूरक लेण्यांत राहणाऱ्या महासांघिक भिक्खूंच्या निर्वाहासाठी दिल्याचे राजा आपल्या अमात्याला कळवतो. सोबत सवलती जाहीर करतो. राजाच्या माणसांनी या जमिनीत शिरू नये, तिला हात लावू नये, मिठासाठी ती खणू नये. म्हणजे मावळच्या जमिनीबद्दलच्या सर्वांत जुन्या लेखी नियमांपैकी हा एक नियम 'शिरू नये' असे सांगतो खरा, पण तो सांगतो सरकारी माणसाला! आज त्याच डोंगराच्या पायथ्याशी 'प्रवेश निषिद्ध' ही पाटी आहे ती कातकऱ्यासाठी, टपरीवाल्यासाठी आणि लोकलने आलेल्या वस्तीतल्या पोरांसाठी.

तीन महिन्यांची मुदत

हा उलटा क्रम कायद्याच्या पुस्तकात पक्का बसवला इंग्रजांनी. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलाची पद्धत आणली. सरकारने एखादे रान राखीव करायचे ठरवले की जाहीरनामा काढायचा आणि ज्याचा काही हक्क असेल त्याने ठरलेल्या मुदतीत दावा सांगायचा. ही मुदत कमीत कमी तीन महिन्यांची. दावा आला नाही तर हक्क संपला.

दावा कोण सांगणार होते? अक्षर कळू न देण्याची व्यवस्था ज्या समाजात शतकानुशतके चालली, तिथे खैराचा कात काढून जगणाऱ्या कातकऱ्याने, डोंगरातल्या ठाकराने, गावकुसाबाहेरच्या महाराने सरकारी जाहीरनामा वाचून अर्ज करायचा होता? आणि जाहीरनामा वाचून दाखवणारा, अर्ज लिहून देणारा कोण होता? गावचा कुलकर्णी. ज्या कामावरून कातकरी हे नाव पडले, ते कामच या कायद्याने गुन्ह्याच्या कक्षेत गेले.

हे ओळखले ते महात्मा जोतीराव फुल्यांनी. 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये १८८३ साली त्यांनी जंगलखात्यावर नेमके बोट ठेवले. अल्पभूधारक शेतकरी पूर्वी जवळच्या रानातली फळे, पाने, फुले आणि गायरानातली चार गुरे-शेरडे यांवर तग धरून होता. सरकारी खात्याने डोंगर, दऱ्या, पडीक जमिनी आणि गायराने यांसकट सारे गिळले आणि शेळीला उभे राहायलाही जागा ठेवली नाही, ही त्यांची तक्रार होती. ज्यांना 'पर्यावरण आणि सामाजिक न्याय' हा विषय अलीकडचा वाटतो, त्यांनी असूड उघडून पाहावा.

बंदूक आणि फास

त्याच कायद्यातले शिकारीचे कलम पाहा. राखीव जंगलात नियम मोडून शिकार करणे, बंदूक चालवणे, मासे मारणे, पाण्यात विष कालवणे, सापळे वा फास लावणे हा गुन्हा ठरला. १९२७ च्या कायद्यात हेच कलम पुढे चालू राहिले. वरवर ते सर्वांना सारखे दिसते. पण नियमाप्रमाणे शिकार करायची तर परवाना हवा, बंदूक हवी, आणि बंदुकीलाही १८७८ च्याच शस्त्र कायद्याखाली पुन्हा परवाना हवा. हे कोणाकडे होते? गोऱ्या साहेबाकडे, संस्थानिकाकडे आणि इनामदाराकडे. त्यांच्या हातात बंदूक असली की तो 'शिकारी'. फासेपारध्याच्या हातात फास असला की तो चोर. पुढे गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्याला जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी ठाण्यातली नजर काही बदलली नाही.

आणि साहेबाच्या शिकारीत राबत कोण होते? रान उठवायला, सामान वाहायला, तळावर लाकूडफाटा आणि पाणी पुरवायला गावातलीच गरीब माणसे धरली जात. महारांवर तर वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस सरकारी राबणूक लादलेली होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते ही वेठ मोडण्यासाठी.

स्वातंत्र्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. बंदुकीच्या षोकाला त्याने लगाम घातला, हे चांगलेच झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे कबूल केले, वनोपज गोळा करण्याचा हक्क मान्य केला, मात्र शिकारीचा आणि सापळे लावण्याचा परंपरागत हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. आम्ही तो हक्क परत मागत नाही. प्राणिमात्रांवरची करुणा हा आमच्या धम्माचा पाया आहे. पण ज्यांनी षोक म्हणून वाघ संपवले त्यांच्या दिवाणखान्यात मुंडकी टांगलेली राहिली, आणि पोटासाठी ससा धरणारा कोठडीत गेला. या हिशेबाची नोंद तरी झाली पाहिजे.

पाणी गेले, आता काठही चालले

मावळाने फक्त रान गमावलेले नाही. १९११ साली वळवणला टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची पायाभरणी झाली. १९१५ पासून लोणावळ्याचे पाणी खोपोलीत उतरून मुंबईला वीज देऊ लागले. मग आंद्रा खोऱ्यात ठोकळवाडी, आणि शेजारच्या मुळशीत १९२१ चा सत्याग्रह. स्वातंत्र्यानंतर पवना धरण आले. पवनेचे पाणी बंद नळातून नेण्याला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे गोळीबार झाला आणि तिघे मारले गेले. आज त्याच पवनेच्या काठावर रंगीत तंबू लागतात आणि धरणात जमीन गेलेल्याचा मुलगा तिथे पर्यटकांसाठी शेगडी पेटवतो.

आता पुढचा टप्पा सुरू आहे. २०२३ च्या दुरुस्तीने वन संवर्धन कायद्यात अशी सोय झाली की वन कार्य आयोजनेत दाखवलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सुविधा 'वनेतर वापर' मानल्या जाणार नाहीत. कातकऱ्याची झोपडी अतिक्रमण आणि पर्यटकांची सुविधा मात्र वनसंवर्धन, असा याचा सरळ अर्थ! टायगर पॉइंटला काचेच्या पुलासाठी राज्य सरकार सुमारे ३३३ कोटींचा प्रकल्प पुढे नेत आहे. जुलै २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेला, त्याचा आनंद आम्हालाही आहे. पण त्यासोबत गडाच्या पायथ्याला नवे निर्बंध आले, तर ते ठरवताना पायथ्याच्या वस्तीला कोण विचारणार?

वनहक्क कायद्यातही आमच्या समाजासाठी एक मेख आहे. आदिवासी नसलेल्या वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांच्या नावावर जमीन होऊच दिली नाही, त्यांनी कागद आणायचा कुठून? पुन्हा तीच १८७८ ची युक्ती. हक्क आहे, पण कागद दाखवा.

भुशीच्या पायऱ्या आणि चवदार तळे

काही सुशिक्षित मंडळी म्हणतात की असल्या गर्दीला रोखलेच पाहिजे, या लोकांना शिस्त नाही. 'या लोकांना' हा शब्द आम्ही ओळखतो. तळ्यावरही तो ऐकला आहे. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, तरी २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांना ते पाणी ओंजळीत घ्यावे लागले, कारण ठराव कागदावर होता आणि तळे दुसऱ्यांच्या ताब्यात. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, रस्ते आणि लोकांच्या सार्वजनिक वापराच्या जागा यांवर सर्वांचा हक्क लिहिला गेला. त्या शब्दांमागे महाड आहे.

भुशी धरण रेल्वेचे आहे. पुण्याहून लोकलने येऊन, फार खर्च न करता एक दिवस पाण्यात बसता येईल अशी ती जागा. येरवड्याच्या, पिंपरीच्या वस्तीतला पोरगा तिथेच येणार. बंगलेवाल्याला मनाई आदेशाने काय फरक पडतो? त्याचा धबधबा त्याच्या आवारात आहे. आदेश लागू होतो तो फुकटच्या जागांवर. आणि मक्याची कणसे भाजून पोट भरणाऱ्या बाईला २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचेही संरक्षण नाही, कारण रेल्वेच्या जमिनीला तो कायदा लागूच नाही. जीव वाचवायचे असतील तर कठडे, दोर, जीवरक्षक आणि पाणी वाढल्याचा इशारा देणारा भोंगा लागतो. आज कोणी बुडाले की धावतात ते शिवदुर्ग मित्रसारखे स्थानिक स्वयंसेवक. बंदी स्वस्त पडते, म्हणून बंदी घातली जाते.

आपण काय मागायचे?

पहिली मागणी : मावळात रान, गड वा जलाशय यांबाबत कोणताही नवा नियम किंवा प्रकल्प येण्यापूर्वी वनहक्काचे प्रलंबित दावे निकाली काढा आणि ग्रामसभेची संमती घ्या. वाडी-वस्तीची आणि बौद्धवाड्याची बैठक त्यात वेगळी मोजली जावी.

दुसरी : सरसकट मनाईऐवजी सुरक्षेची व्यवस्था करा, आणि ती करण्यासाठी स्थानिक तरुणांना पगारी काम द्या.

तिसरी : फुकट जागा फुकटच राहू द्या. प्रवेश शुल्क लावायचे असेल तर आधी खाजगी रिसॉर्टवर लावा, आणि तो पैसा कातकरीवाड्यांच्या पाण्यावर, शाळेवर खर्च झाल्याचा हिशेब चावडीवर टांगा.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती स्थापन केली. कार्ले, भाजे, बेडसे यांच्या वाटेवरच ते विहार आहे. दरवर्षी आपले हजारो लोक तिथे जातात. तिथे जाणाऱ्या प्रत्येक तरुणाने परतताना एखाद्या कातकरीवाडीत थांबावे, वनहक्काचा दावा भरला आहे का हे विचारावे, आणि भरला नसेल तर अर्ज लिहून द्यावा. अशोकाने विहारयात्रेची धम्मयात्रा केली, ती अशीच लोकांना भेटून.

जय भीम!