शंकरराव चव्हाण

शंकरराव भाऊराव चव्हाण (१४ जुलै, १९२० – २६ फेब्रुवारी, २००४) हे मराठी राजकारणी, वकील आणि दोन वेळा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. केंद्रात त्यांनी संरक्षण, अर्थ व गृह ही खाती सांभाळली.

प्रारंभिक जीवन

चव्हाणांचा जन्म पैठण येथे झाला. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद मुक्तिसंग्रामात ते सहभागी झाले. पुढे नांदेड ही त्यांची कर्मभूमी ठरली. तेथील नगरपालिकेचे ते अध्यक्ष होते.

राजकीय कारकीर्द

१९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यानंतर चव्हाण उपमंत्री झाले. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर त्यांनी दीर्घकाळ पाटबंधारे खाते सांभाळले. फेब्रुवारी १९७५ मध्ये वसंतराव नाईक यांच्यानंतर ते मुख्यमंत्री झाले. मे १९७७ मध्ये त्यांनी पद सोडले. १९८० साली ते नांदेडमधून लोकसभेवर निवडून गेले. लातूर जिल्ह्यातील शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या राजीनाम्यानंतर ते मार्च १९८६ ते जून १९८८ या काळात पुन्हा मुख्यमंत्री होते. शिस्तीच्या आग्रहामुळे त्यांना ‘हेडमास्तर’ म्हटले जाई.

नरसिंह राव मंत्रिमंडळात ते १९९१ ते १९९६ या काळात गृहमंत्री होते. ६ डिसेंबर, १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली, तेव्हा केंद्राने वेळीच हस्तक्षेप न केल्याबद्दल त्यांच्या खात्यावर टीका झाली.

सिंचनकार्य

जायकवाडी प्रकल्पाच्या उभारणीत चव्हाणांचा वाटा मोठा मानला जातो. मूळ योजनेत धरण बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ होणार होते. प्रत्यक्षात ते त्यांच्या जन्मगावी, पैठणला झाले, नाव मात्र जुनेच राहिले. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्याची पायाभरणी केली आणि १९७६ मध्ये, चव्हाण मुख्यमंत्री असताना, इंदिरा गांधी यांनी उद्घाटन केले. सुमारे १०२ अब्ज घनफूट क्षमतेच्या नाथसागरामुळे मराठवाड्यातील शेतीला पाणी मिळाले. मात्र पैठण, गंगापूर, शेवगाव व नेवासा तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. वरच्या भागातील नाशिक व अहमदनगर जिल्ह्यांशी गोदावरीच्या पाणीवाटपावरून वाद पुढेही चालू राहिला. नांदेडजवळील विष्णुपुरी उपसा सिंचन प्रकल्पही त्यांच्याच प्रयत्नांशी जोडला जातो.

वारसा

त्यांचे पुत्र अशोक चव्हाण २००८ ते २०१० या काळात मुख्यमंत्री होते. हे पद भूषविणारी ही राज्यातील पहिली पितापुत्रांची जोडी होय. विष्णुपुरी जलाशयाला ‘शंकरसागर’ म्हणतात, तसेच नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला चव्हाणांचे नाव दिले आहे.