विभेदक गुणोत्तर, जीपगाडीचे
चाकाच्या एका फेऱ्यामागे चालकदंडाचे होणारे फेरे म्हणजे विभेदक गुणोत्तर होय. महिंद्र कंपनीच्या पेट्रोलवर चालणाऱ्या सीजे-३बी जीपचे हे गुणोत्तर ५.३८ असे. त्यामुळे रत्नागिरी–कोल्हापूर मार्गावरील आंबा घाटासारखी चढण तिला सुलभ होई. कंपनीने १९७९ मध्ये प्यूजो डीझेल एंजिनासाठी करार केला. जुन्या जीपगाड्यांतही पुढे डीझेल एंजिने बसविली गेली. डीझेल एंजिनाचे कमाल फेरे सामान्यतः कमी असल्याने जुन्या गुणोत्तरावर सपाटीवरील वेग घटतो. ४.८८ गुणोत्तर घेतल्यास त्याच वेगाला एंजिनाचे फेरे सुमारे ९ टक्के कमी होतात. मात्र चाकांची ओढही तेवढीच घटते. म्हणून भरलेल्या गाडीची घाटातील चढण हाच निवडीचा निकष ठरतो. चारही चाके चालविताना पुढील व मागील गुणोत्तरे समान नसल्यास दंतचक्रांवर घातक ताण येतो.